मारुती जिम्नी मॅन्युअल: फोर-एलचा लिव्हर कसा पडतो?

जिम्नी घ्यावी का असं विचारणारे बहुतेक जण ॲव्हरेज विचारतात. मी ही गाडी गिअर आणि हँडब्रेक यांच्या मधल्या बुटक्या लिव्हरसाठी घेतली. त्याने टू-एच (फक्त मागची चाकं ओढतात), फोर-एच (चारही ओढतात) आणि फोर-एल (चारही, पण हळू आणि जास्त जोराने) यांत बदल करता येतो. तो कसा पडतो, म्हणजे जागेवर कसा बसतो, त्याबद्दलच लिहिते. बाकी गाडीवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आमचं कुळागर (पोफळीची बाग) गोव्यात सत्तरीत, केरीच्या पुढे, चोर्ला घाटाच्या पायथ्याकडे. डांबर संपलं की कच्ची वाट, मग व्हाळ (ओढा), आणि व्हाळ ओलांडला की चिऱ्याच्या खडकावरून उभा चढ. पावसात त्यावर शेवाळ धरतं. पण पोफळीवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारायचं ते पावसाळ्यातच, नाहीतर कोळेरोगाने कोवळी सुपारी गळून खाली सडा पडतो. म्हणजे वाट सगळ्यात वाईट असते तेव्हाच मोरचूद, चुना, फवारणीचा पंप आणि दोन माणसं घेऊन वर जायचं.

इंजिन १४६२ सीसीचं, पेट्रोल. १३४ न्यूटन मीटरचा जोर मिळतो तो ४००० आरपीएमला. खालच्या फेऱ्यांत डिझेलसारखी ओढ नाही, आणि शेवाळावर जोरात रेस देऊन चढायला जाणं म्हणजे चाकं जागच्या जागी फिरवणं. फोर-एलमध्ये मात्र तोच पहिला गिअर साधारण निम्म्या वेगाने आणि दुप्पट जोराने चालतो. ॲक्सिलरेटरला नुसता पाय टेकवला तरी गाडी मुंगीसारखी वर सरकते. एखादं चाक हवेत गेलं तर गाडी त्याला आपणहून ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या बाजूच्या चाकाला मिळतो.

टू-एचमधून फोर-एचमध्ये चालत्या गाडीत जाता येतं. चाकं सरळ असावीत एवढंच. फोर-एलला मात्र पूर्ण थांबावं लागतं. गाडी सपाटीवर उभी करा, ब्रेक धरा, गिअर न्यूट्रल, क्लच तळापर्यंत. क्षणभर थांबा, आतलं फिरणं शांत होऊ दे. मग लिव्हर खाली दाबून एका दमात मागे ओढा. भीत भीत अर्ध्यावर थांबलात की कर्रर्र आवाज येणारच. शिवाय अर्ध्यावर चाकं इंजिनपासून सुटलेली असतात, गिअरमध्ये ठेवली तरी गाडी घरंगळू शकते. म्हणून ब्रेक सोडायचा नाही.

कधी कधी लिव्हर जातच नाही, दगडासारखा अडतो. त्यात बिघाड काही नसतो. आत दात्यावर दाता येतो. लिव्हर परत फोर-एचला, पहिला गिअर, गाडी हातभर पुढे, थांबा, पुन्हा ओढा. बहुधा लगेच पडतो. माझा भाचा अशा वेळी दोन्ही हातांनी ओढायला बघतो. त्याला मी किल्ली देत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागा. चढावर अडकल्यावर फोर-एल आठवणं उशिराचं, कारण तेव्हा गाडीचं वजन चाकांतून आतल्या दात्यांवर आलेलं असतं आणि लिव्हर जाम लागतो. आमचा जुना गडी व्हाळाच्या अलीकडे, शेवटच्या सपाट जागेवरच सांगतो, "बाय, हांगाच घाल" (इथेच टाक). गाडीच्या माहितीपुस्तकापेक्षा त्याचं म्हणणं थोडक्यात आहे.

उतरून डांबराला लागताना उलट गंमत. या गाडीला मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळे कडक जमिनीवर वळणं घेतली की पुढच्या-मागच्या चाकांची आतल्या आत ओढाताण होते आणि लिव्हर सुटायला नकार देतो. तेव्हा सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो. फोर-एच किंवा फोर-एलमध्ये कोरड्या डांबरावर हिंडणाऱ्यांना तर माझा दंडवतच.

लिव्हर बोटाने हलणारा नाही, मनगट लागतं. आता काही गाड्यांत याच्या जागी बटण असतं. आमच्या कामाला मला लिव्हर बरा वाटतो: पडला की नाही हे हाताला कळतं, मग मीटरवरचा दिवा बघायचा. जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची आम्हाला पुरते. मागची जागा पुरत नाही. मागची सीट उभी असली तर पंप आणि बादल्या एवढ्यातच डिकी भरते, पोती मागच्या सीटवर. पणजीत ऑफिसला जायला आणि कुटुंबाला फिरवायला गाडी हवी असेल तर याच पैशांत ऐसपैस गाडी बघा.

घेणारच असाल तर दोन सवयी लावा. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा कच्च्या मातीवर थोडं अंतर फोर-एलमध्ये चालवा, म्हणजे सांधे मोकळे राहतात. आणि चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर ट्रान्सफर केसचं (हा लिव्हर ज्या पेटीतले दाते बदलतो तिचं) ऑइल बघायला सांगा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट न बघता बदलून घ्या.