एअर कॉम्प्रेसर सिंगल स्टेज की टू स्टेज? आधी तापमान काढा

शिरोलीत फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करायची) शेड टाकली तेव्हा हवा एकाच टप्प्यात दाबणारा कॉम्प्रेसर घ्यावा की दोन टप्प्यांत दाबणारा, या पेचात मीही होतो. पहिली तीन वर्षं सिंगल स्टेज वापरला, आता टू स्टेज आहे.

कागदावरचा हिशेब तुम्हाला येतोच. हवा १ बारवरून ९ बारवर न्यायची (गेज बाहेरच्या हवेचा १ बार सोडून दाखवतो, म्हणून गेजवर ८), आत येताना ३०० केल्व्हिन, दाबण्याच्या सूत्रातला घातांक १.३. एका दमात दाबली तर किलोमागे साधारण २४६ किलोज्यूल काम. मधला दाब वर्गमुळाने ३ बार धरून, मध्ये पुन्हा ३०० पर्यंत गार केली तर २१५. बचत साडेबारा टक्के. पण आमच्याकडे इंटरकूलरच्या (दोन टप्प्यांमध्ये हवा गार करणाऱ्या भागाच्या) फिन्सवर वाळूची धूळ बसते. दुसऱ्या सिलिंडरात हवा ३२० ला शिरते असं धरा. त्या टप्प्याचं काम त्याच पटीत वाढतं आणि बचत दहाच्या आत येते. मशीनची जादा किंमत बघता एवढ्यावर माझं मन वळलं नसतं.

वळलं ते व्हॉल्व्हमुळे. त्याच सूत्रातला दाबाच्या पटीचा घात (९ चा ०.३/१.३ वा घात, त्यातून १ वजा न करता) नुसता ३०० ने गुणून बघा: सिंगल स्टेजमधून हवा ४९८ केल्व्हिनला बाहेर पडते, म्हणजे २२५ अंश सेल्सिअस. कामाच्या नादात ही ओळ कुणी लिहीतच नाही. त्या उष्णतेत तेल करपतं, व्हॉल्व्ह प्लेटवर काजळी धरते, प्लेट नीट बसत नाही, तापलेली हवा मागे फिरून आणखी तापते. दर दोन-तीन महिन्यांनी हेड (सिलिंडरचं झाकण) उघडायचं. कास्टिंगचा ढीग पडलेला, पार्टीचा फोन चालू, ग्राइंडर गप्प आणि मेस्त्री काजळी खरवडत बसलेला. लई वैताग. टू स्टेजमध्ये, हवा मध्ये ३०० पर्यंत गार झाली तर, तोच आकडा ११३ अंशांवर येतो. गेल्या दीड वर्षात मी हेड एकदाच उघडलंय. माझा हा एका शेडचा अनुभव, तुमचं तेल आणि तास वेगळे असतील.

टू स्टेजचीही कटकट आहेच. जुलैच्या पावसात इंटरकूलरमध्ये एवढं पाणी साठतं की ड्रेन रोज सोडावा लागतो. मधल्या गेजचा काटा २ च्या आसपास राहतो ना, तेही बघत जा. चढायला लागला तर बहुधा दुसऱ्या टप्प्याचा व्हॉल्व्ह गळतोय.

जुना सिंगल स्टेज मी विकला नाही. स्प्रे पेंटिंगला ४ बार पुरतात, तिथं तो बिनतक्रार चालतो.