पाच-दहा रुपयांची ट्यूब, बाटली की जेल? लहान कामांसाठी सुपर ग्लूची पारख

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की बेळगावात गल्लोगल्ली किल्ले उभे राहू लागतात आणि स्टेशनरीच्या दुकानात एकच मागणी ऐकू येते, "एक फेव्हिक्विक द्या." कंपनी कोणतीही असो, मागणारा हेच नाव घेतो. कुणाच्या मावळ्याचा भाला तुटलेला असतो, कुणाच्या बुरुजावरचा झेंडा पडलेला असतो. ट्यूब घरी येते, तुटलेल्या जागी भरपूर ओतली जाते आणि अर्ध्या तासाने जोडलेला भाग पुन्हा निखळतो. मग दोष ग्लूला. खरं तर बहुतेक वेळा ग्लू जास्त झालेला असतो, नाहीतर त्या कामाला तो प्रकारच चुकीचा असतो.

बाजारात मिळणारा सुपर ग्लू तीन प्रकारचा. पाच-दहा रुपयांच्या छोट्या ट्यूबमधला सहसा पाण्यासारखा पातळ. २० ग्रॅमच्या बाटलीत थोडा दाट, पातळ मधासारखा मध्यम ग्लूही मिळतो. औद्योगिक माल ठेवणाऱ्या दुकानात, म्हणजे बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला, विचारावा. तिसरा जेल, टूथपेस्टसारखा, जिथे लावाल तिथेच थांबणारा. रसायन तिन्हींत एकच, सायनोअॅक्रिलेट. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांना ते १९४२ साली दुसरंच काही शोधताना हाती लागलं आणि १९५८ साली ईस्टमन ९१० या नावाने विक्रीला आलं.

हा ग्लू फेव्हिकॉलसारखा पाणी उडून वाळत नाही. हवेतला आणि पृष्ठभागावरचा ओलावा लागला की त्याचे रेणू एकमेकांत गुंफत जातात. ४० ते ६० टक्के आर्द्रता त्याला सर्वांत मानवते. म्हणून एकच ट्यूब खानापुरात आषाढात आणि अथणीत चैत्रात सारखी वागत नाही. खानापूरच्या पावसात ती टेकवताच धरते, पण सांध्याभोवती पांढरी धूळ बसल्यासारखं दिसतं. अथणीच्या कोरड्या उन्हाळ्यात मिनिटभर धरूनही भाग सरकतो. अशा वेळी जोडायच्या एका बाजूवर तोंडाची वाफ एकदा हलकी सोडायची, दुसऱ्या बाजूला ग्लू लावायचा आणि दाबायचं. तेवढा ओलावा पुरतो.

आता प्रमाण. एक चौरस इंचाला एक थेंब, याहून जास्त नाही. मावळ्याच्या मनगटाचा सांधा जेमतेम तीन मिलिमीटरचा, म्हणजे तिथे पूर्ण थेंबसुद्धा फार झाला. थर जाड झाला की ओलावा आतपर्यंत पोहोचत नाही. वरून कडक आणि आतून ओला राहतो. ट्यूबच्या तोंडाने एवढं बारीक लावता येत नाही, त्यासाठी सुईची युक्ती उत्तम. शिवणाची जाड सुई घ्या, तिच्या नेढ्याचं टोक पक्कडीने कापा, म्हणजे दोन दातांचा छोटा चिमटा तयार होतो. टोकदार बाजू एखाद्या काडीत खोचा. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा धुऊन कोरडा करा आणि त्यावर ग्लूचे दोन थेंब काढा. पॉलिथिनला हा ग्लू धरत नाही, त्यामुळे थेंब बराच वेळ ओले राहतात. सुईचे दात थेंबात बुडवले की त्यांच्या फटीत नेमका लागेल तेवढाच ग्लू अडकतो. सांध्याला टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो.

पातळ ग्लूची खरी जागा हीच. दोन्ही भाग आधी नीट जुळवून धरायचे आणि मग फटीला सुई लावायची. ताज्या तुटीला, जिथे कडा एकमेकींत चपखल बसतात, याच्या तोडीचं दुसरं काही नाही. फट दिसत असेल तर मात्र तो निरुपयोगी, तिथे जेल घ्यावा. जेल सावकाश धरतो, म्हणून भाग सरळ करायला वेळ मिळतो. घोड्यावर स्वार बसवणं, बुरुजाला उभा झेंडा लावणं, अशी कामं जेलचीच. मध्यम ग्लू दोन्हींच्या मधला, रेझिनच्या (म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) आणि धातूच्या मूर्तींसाठी सर्वांत सोयीचा.

धातूच्या किंवा जड रेझिनच्या मूर्तीचा हात नुसत्या ग्लूवर ठेवू नये. हा सांधा ओढ चांगली सोसतो, पण सोलण्याचा किंवा आपटण्याचा जोर त्याला अजिबात सोसत नाही. हातात भाला असेल तर धक्का नेमका तसाच बसतो. त्याला पिन लागते. एका बाजूला १ मिमीच्या ड्रिलने चार-पाच मिमी खोल भोक पाडा. भोकाच्या तोंडाला ओल्या रंगाचा ठिपका लावून दुसरा भाग दाबा, ठिपका जिथे उमटेल तिथे दुसरं भोक. कागदाच्या क्लिपची तार मापाने कापा, कोरडी बसवून पाहा, मग ग्लू. रेझिनची मूर्ती त्याआधी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन वाळवावी. साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं तेलकट रसायन तिच्या अंगावर राहतं आणि सांधा त्यावरच सुटतो.

स्वस्त प्लास्टिकच्या मावळ्यांचं दुखणं निराळं. तुटला तर तळाचा छोटा कपचा कापून पाण्यात टाका. तरंगला तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलीन, आणि त्यावर कुठलाही साधा सुपर ग्लू टिकणार नाही. घरातली बादली आणि डब्याचं झाकण याच जातीचं, तिथे पैसे घालवू नयेत. कपचा बुडाला तर जोडायला हरकत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसचे मावळे आणि खानापूरची मातीची भांडी ग्लू पिऊन टाकतात. तुटलेल्या कडेवरची भुकटी मऊ ब्रशने झाडा, पातळ ग्लूचा हात देऊन दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि मग जेलने जोडा. जोडायच्या जागी रंग असेल तर खरवडून काढा, नाहीतर ग्लू रंगाला चिकटतो आणि रंगासकट निघतो. गोकाकच्या लाकडी खेळण्याचा टवका उडाला असेल तर सुपर ग्लू ठीक, पण मोठा भाग दोरा गुंडाळून रात्रभर ठेवता येत असेल तर फेव्हिकॉलच सरस. थर्मोकोलवर मात्र कधीच नको. तो विरघळतो आणि किल्ल्याच्या तटाला खड्डा पडतो.

कोपरा उडाला असेल तर खायचा सोडा उपयोगी पडतो. खळग्यात सोड्याची चिमूट टाकून मिलिमीटरभराचा थर करा आणि वरून पातळ ग्लूचा एक थेंब. क्षणात दगडासारखं घट्ट होतं, लगेच पॉलिश पेपरने घासता येतं. एकदम जास्त भरू नका, बरीच उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते. थरावर थर द्यावा.

चष्म्याची काडी जोडताना काच आधी काढून ठेवा. सांध्याभोवती धुळीसारखा दिसणारा तो पांढरा थर म्हणजे ग्लूची वाफ आसपास बसून घट्ट झालेली, आणि ती काचेवर बसली तर सहज जात नाही. पंख्याच्या हलक्या वाऱ्यात काम केलं आणि ग्लू कमी वापरला की ती कमी येते. चहाच्या कपाचा कान या ग्लूने जोडू नये, उकळता चहा आणि रोजचं धुणं त्या सांध्याला सोसत नाही.

कापसाने किंवा सुती कापडाने सांडलेला ग्लू पुसू नये. कापूस याच्याशी मिळताच एकदम तापतो, भाजण्याइतका. बोटं चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू बाजूला फिरवत सोडवावीत. अॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर कातडीवर चालतं, डोळ्याजवळ कधीच नाही. डोळ्यात गेला तर पाण्याने धुवत राहायचं आणि थेट डॉक्टरकडे. किल्ला मुलांचा असला तरी ट्यूब मोठ्यांच्या हातात असावी.

किल्ल्याच्या एका मोसमाला छोट्या ट्यूब चार-पाच घ्याव्यात, मोठी बाटली घेऊ नये. उघडलेली बाटली पावसाळ्यातल्या दमट हवेत लवकर दाट होते. वर्षभर मूर्ती रंगवणाऱ्याने मात्र मध्यम ग्लूची बाटली आणि जेलची एक ट्यूब ठेवावी. काम झालं की तोंड कोरड्या कागदाने पुसायचं, उभी टेकवून हवा काढायची आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायची. न उघडलेल्या ट्यूब फ्रिजमध्ये टिकतात, पण बाहेर काढल्यावर तासभर तशाच ठेवून मग टोपण फिरवावं. थंडगार ट्यूब लगेच उघडली तर आत दव धरतं आणि ग्लू नळीतच घट्ट होतो.