द्राक्षाच्या पैशांतून सोने घ्यावे की मांडवाचे लोखंड?

द्राक्षाचा माल निघून व्यापाऱ्याकडून पैसे हाती आले की निफाड-दिंडोरीकडच्या अनेक घरांत एक प्रश्न हमखास निघतो : नाशिकच्या सराफ बाजारातून सोने आणावे, की बागेत वेलींचा मांडव पेलणारे जुने लोखंडी खांब, म्हणजे अँगल, बदलावेत? दोन्ही धातूंचे गुणधर्म नीट पाहिले, तर हा निर्णय भावनेवर सोडण्याचे कारण उरत नाही.

दोहोंतील मुख्य फरक हवा-पाण्यापुढे टिकण्याचा आहे. ओलावा आणि प्राणवायू मिळाला की लोखंड गंजते. सोने गंजत नाही. बुरशीनाशक म्हणून फवारायचे मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण नीट जमले की नाही हे पाहण्यासाठी बागायतदार त्यात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवतात. मिश्रणात चुना कमी पडून मोरचूद (तांब्याचा क्षार) मोकळे राहिले असेल, तर लोखंड विरघळू लागते आणि पात्यावर तांब्याचा तांबूस थर बसतो. त्याच मिश्रणात चोख सोन्याचे वेढणे (साधे वळे) बुडवले, तर त्यावर काहीही परिणाम होत नाही. अँगलला जस्ताचा मुलामा लागतो तो गंज टाळण्यासाठी, आणि जमिनीलगत जेथे ओल टिकते तेथे तो आधी तपासावा लागतो.

भावातील तफावत मुख्यतः दुर्मीळतेतून येते. भूकवचात लोखंड वजनाने सुमारे ५ टक्के आहे, तर सोने अब्जात अवघे काही भाग. मानवाने आजवर खणून काढलेले सारे सोने दोन लाख टनांच्या थोडे वर भरते. पोलाद मात्र जगात दरवर्षी १८० कोटी टनांहून अधिक तयार होते.

तथापि चोख सोने इतके मऊ असते की दागिन्यासाठी त्यात तांबे-चांदी मिसळावी लागते, आणि २२ कॅरेटमध्ये सोने ९१.६ टक्केच राहते. एकरी कित्येक टन घडांचे ओझे आणि अवकाळीचा वारा पेलणे हे लोखंडाचेच काम आहे.

व्यवहारात सोन्यावर ३ टक्के आणि लोखंडावर १८ टक्के जीएसटी लागतो. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, पण सोन्याला त्या दिवसाचा भाव मिळतो. जुना अँगल मात्र भंगाराच्या भावाने जातो.

म्हणून, माझ्या मते, अँगल बुडाशी गंजून पातळ झाले असतील तर पैसा आधी लोखंडात घालावा, कारण भरलेला मांडव कोसळला तर वर्षाचे उत्पन्न जाते. मांडव भक्कम असेल आणि रक्कम अडीअडचणीसाठी राखायची असेल, तर सोने घ्यावे. तेही हार-पाटल्यांऐवजी कमी घडणावळीचे वेढणे किंवा नाणे, शुद्धतेचा हॉलमार्क पाहून आणि पक्की पावती घेऊन.