तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर: कॅम्पर ट्रेलरसाठी घ्यावा का?

मुठीत मावणारं, तीन पिनांचं साधन. सॉकेटात खोचायचं, पुढचे कोणते दिवे पेटले ते बघायचं आणि अंगावर छापलेल्या तक्त्याशी ताडायचं. ऑनलाईन चार-पाचशे रुपयांच्या आत मिळतं. वेरूळ, म्हैसमाळ, पैठणकडं कॅम्पर ट्रेलर घेऊन जाणाऱ्यांना रात्रीपुरती लाईट ढाब्यावरून, मंगल कार्यालयातून नाहीतर ओळखीच्या रानातल्या मोटारीच्या पेटीतून घ्यावी लागते. त्यांच्यासाठी हा टेस्टर घेण्याजोगा आहे. फक्त तो ‘ठीक’ म्हणाला म्हणून ट्रेलरच्या दाराला हात लावू नये.

आधी त्याला काय जमतं ते. आत तीन दिवे असतात: एक फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) यांच्यामध्ये, दुसरा फेज आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) यांच्यामध्ये, तिसरा न्यूट्रल आणि अर्थमध्ये. वायरिंग सरळ असेल तर पहिले दोन पेटतात. फक्त पहिला पेटला तर अर्थ तुटलेला. फक्त दुसरा पेटला तर न्यूट्रल तुटलेला. पहिला आणि तिसरा पेटले तर फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले. उलटी जोडणी ट्रेलरमध्ये किरकोळ समजू नये. बटण एकाच तारेत असतं. ती तार न्यूट्रलची निघाली, तर बटण बंद करूनही गिझरच्या कॉइलला फेज तसाच राहतो. ढाब्यावरच्या एक्स्टेन्शन बोर्डात अनेकदा दोनच तारा असतात आणि अर्थचं भोक नुसतं शोभेला असतं. हे दोष टेस्टर दोन सेकंदांत पकडतो. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल.

आता जिथं तो फसतो ते. तीन दिवे एकमेकांच्या पिना ताडून बघतात, बाहेरच्या खऱ्या जमिनीशी त्यांचा काही संबंध नाही. अर्थची तार ओढायचा कंटाळा केलेल्या वायरमनने सॉकेटच्या मागं न्यूट्रल आणि अर्थ यांना तुकडा जोडून दिलेला असेल, तर टेस्टर खुशाल ‘ठीक’ दाखवतो. पुढं कुठं न्यूट्रलचा जोड सुटला, की ट्रेलरमधल्या चालू पंख्यातून, फ्रिजमधून आलेला फेज त्या तुकड्यावरून थेट बॉडीवर उतरतो. त्याहून वाईट म्हणजे तो तुकडा असताना मागं फेज-न्यूट्रल उलटे असणं. मग अर्थच्या पिनेवर पहिल्यापासूनच 230 व्होल्ट असतात. एका उपकरणाचंही बटण न दाबता सगळी बॉडी जिवंत, आणि टेस्टरच्या तक्त्यात तरीही ‘ठीक’. रबरी टायरांमुळं तो करंट जमिनीत जात नाही, माणूस खाली उभा राहून दाराची कडी धरेपर्यंत तो वाट बघत थांबतो.

अनेक जण इथं म्हणतात, आमच्याकडं 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की आपोआप पडून लाईट तोडणारा स्विच, बसवलाय. तो हवाच: दोन पोलचा, 25 अँपिअरचा, तार ट्रेलरमध्ये शिरते तिथंच. आत इन्व्हर्टर, एलईडी असतील तर ए टाईपचा. पण तो फेज आणि न्यूट्रलमधून जाणारा करंट सारखा आहे का एवढंच मोजतो. वरच्या दोन्ही प्रकारांत करंट अर्थच्या तारेवरून बॉडीवर येतो आणि ती तार आरसीसीबीतून जातच नाही. म्हणून तो पडत नाही. त्याचं टी लिहिलेलं बटण दाबून तो पडला, याचाही अर्थ आतली यंत्रणा चालते इतकाच. त्या बटणाला अर्थची तार लागतच नाही. काही महाग टेस्टरना आरसीसीबी पाडायचं बटण असतं. ते फेजमधून अर्थकडं 30 मिलिअँपिअर सोडतं. तिथं आरसीसीबी नाही पडला तर तो खराब असेल किंवा अर्थ तुटलेला असेल. दोन्ही तपासावं लागतं.

रानातल्या मोटारीच्या पेटीची गोष्ट वेगळी. तिथं थ्री-फेज येतं आणि न्यूट्रल अनेकदा नसतोच. खोपीत बल्ब लावायला एक फेज आणि दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या रॉडला, ही जुनी सवय. अशा पेटीवर सॉकेट काढून न्यूट्रल आणि अर्थ त्याच रॉडला बांधलेले असतील, तर टेस्टर पुन्हा ‘ठीक’ म्हणतो, कारण दिव्यांना लागणारा करंट नगण्य असतो. रॉडचा रोध 100 ओहम धरा आणि 1,000 वॉटची किटली लावा. किटलीचा रोध साधारण 53 ओहम. मग किटलीला मिळतात जेमतेम 80 व्होल्ट आणि उरलेले 150 रॉडवर, म्हणजेच ट्रेलरच्या बॉडीवर. पाणी तापायला फार वेळ लागतोय, दिवे मंदावले, ही त्याची खूण. अशा पेटीवरून लाईट घेऊच नये. दोन फेजमध्ये जोडलं गेलं तर 400 व्होल्टनं सगळी उपकरणं जातील ते वेगळंच.

इथली जमीनही बघावी लागते. काळी माती ओली असताना अर्थिंगला चांगली, पण मार्चनंतर ती आकसून भेगाळते आणि रॉडपासून सुटते. बालाघाटाच्या बाजूला वीतभर मातीखाली मुरूम नि काळा पाषाण, रॉड खोल जातच नाही. पन्नास ओहमच्या रॉडवर फेज उतरला तर 4.6 अँपिअर वाहतात आणि 16 अँपिअरचा एमसीबी (फार करंट वाहिला की पडणारा स्विच) ढिम्म हलत नाही. टेस्टरचा दिवा तर दोन हजार ओहमच्या अर्थवरही पेटतो. अर्थ ‘आहे’ एवढंच तो सांगतो, कसा आहे ते नाही.

म्हणून सोबत पेन टेस्टर हवा, तारेला न टेकवता वाजणारा. आमच्या मते पैसे एकाच साधनापुरते असतील तर आधी हा घ्यावा. प्लग जोडल्यावर ट्रेलरला स्पर्श न करता, बाहेर मातीवर उभं राहून त्याचं टोक दार, कडी, ट्रेलर ओढायचा हूक आणि गॅसच्या शेगडीचा कठडा यांच्याजवळ न्यावं. वाजला तर ट्रेलरच्या प्लगला हात न लावता, जिथून लाईट घेतली तिथला मेन स्विच पाडावा. ट्रेलरच्या आत उभं राहून तपासलं तर तुम्ही आणि बॉडी एकाच व्होल्टेजवर असता आणि पेन गप्प बसतं. हा धोका दुकानदार सांगत नाही. आधी चालू सॉकेटवर ते वाजतंय याची खात्री करावी. सोलरच्या डीसीवर ते काम करत नाही. जुना निऑनचा स्क्रू ड्रायव्हर टेस्टर एप्रिलच्या उन्हात पेटला तरी दिसत नाही, आणि तपासणाऱ्याच्या अंगातून करंट गेल्याशिवाय तो पेटतही नाही. ट्रेलरसाठी तो बाद.

पेन वाजलं की मल्टिमीटर; तो मेन पाडलेला असतानाच जोडावा आणि मग मेन चालू करून आकडा बघावा. तीन-चार मीटरवर मातीत स्क्रू ड्रायव्हर रोवून तिथं पाणी ओतावं. एक प्रोब त्याला, दुसरा बॉडीच्या रंग नसलेल्या स्क्रूला. दोन-तीन व्होल्ट चालतात. शंभर-सव्वाशे दिसले तर त्याच दोन टोकांना इन्सुलेटेड प्रोबनं 15 वॉटचा जुना, आत तार असलेला पिवळा बल्ब जोडावा. आकडा शून्याजवळ कोसळला तर तो चार्जर-इन्व्हर्टरच्या फिल्टरमधून झिरपलेला क्षीण करंट. तो मुंग्या आणतो, पण मुळात अर्थ तुटल्याचं सांगतो, म्हणून सोडून द्यायचा नाही. बल्ब पेटला तर फेज खरोखर उतरलाय.

प्लग काढून ट्रेलरची बाजूही तपासावी. प्लगची अर्थ पिन आणि बॉडी यांच्यात एक ओहमच्या आत रोध हवा. 2.5 चौरस मिलिमीटरच्या 25 मीटर तांब्याच्या तारेचा वाटा त्यात 0.2 ओहमच. चासी, दाराची चौकट, सिंक, पत्र्याचं आवरण हे एकमेकांना जोडलेले असतीलच असं नाही, प्रत्येकाचं माप वेगळं घ्यावं. गिझरला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर कॉइल बदलावी. पावसाळाभर बंद राहिलेल्या कॉइलमध्ये ओल शिरते. मेगर लावताना चार्जर, इन्व्हर्टर सोडवून ठेवावेत, नाहीतर तेच जातील.

खरेदीपुरतं: ऑनलाईन चपट्या पिनांचे विलायती टेस्टर बरेच दिसतात. ते अडॅप्टर लावून वापरले तर अर्थची पकड सैल राहते आणि चांगलं सॉकेटही खराब दिसतं. गोल पिनांचा, 6 अँपिअरचाच घ्यावा. तो 6/16 च्या जोड सॉकेटातही बसतो, नुसत्या 16 च्या जाड भोकांत मात्र नाही. छोट्या पेट्रोल जनरेटरवर त्याचे दिवे भलतंच काही सांगतात, कारण तिथं न्यूट्रल अर्थला बांधलेला नसतो. जनरेटर वापरणार असाल तर या टेस्टरवर खर्च करू नका, तेच पैसे आरसीसीबीकडं वळवा आणि जनरेटरचा न्यूट्रल वायरमनकडून बांधून घ्या. न्यूट्रल मोकळा असेल तर आरसीसीबीसुद्धा पडत नाही.