जुनी इंग्रजी दुनळी: साइडलॉक घ्यावी की बॉक्सलॉक?

एकाच रकमेत लंडनची नक्षीदार पण झिजलेली साइडलॉक मिळते आणि बर्मिंगहॅमची साधी पण धडधाकट बॉक्सलॉकही मिळते. बारा बोअरची जुनी इंग्रजी दुनळी घेऊन ती पूर्ववत करू पाहणाऱ्यापुढे बहुधा हाच पेच उभा राहतो.

साइडलॉकची चाप-यंत्रणा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर बसवलेली असते. त्या पट्ट्या सहज उतरवून साफ करता येतात आणि त्यांच्यावर नक्षीला भरपूर जागा मिळते. मात्र त्या बसवण्यासाठी दस्त्याचे लाकूड कोरावे लागत असल्याने तडे बहुधा तिथूनच सुरू होतात. वेस्टली रिचर्ड्स या बंदूक बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी १८७५ मध्ये आणलेल्या बॉक्सलॉकची यंत्रणा बंदुकीच्या पोलादी गाभ्यातच असते. भाग कमी असल्याने तिची दुरुस्ती स्वस्त पडते. काही बॉक्सलॉकना केवळ शोभेसाठी बाजूच्या पट्ट्या लावलेल्या असतात. खऱ्या साइडलॉकच्या पट्टीवर आतल्या भागांच्या खिळ्यांची टोके दिसतात, हे ठाऊक नसल्यास भलतीच किंमत मोजली जाते.

माझ्या मते तरी खरा निर्णय नळ्यांवर होतो. नळीवर कोरलेले बोअरचे (नळीच्या आतल्या व्यासाचे) माप आणि आजचे माप यांत १० सहस्रांश इंचाहून अधिक वाढ झाली असेल, तर ती बंदूक ब्रिटिश प्रूफच्या, म्हणजे नळ्यांच्या अधिकृत सुरक्षा-चाचणीच्या, नियमाबाहेर जाते. आतले गंजाचे खड्डे घासून काढताना बोअर वाढते आणि नळीची भिंत पातळ होते. ती २० सहस्रांश इंचाखाली गेली असेल, तर नक्षी कितीही सुंदर असो, मी ती बंदूक घेणार नाही. नळ्या सुट्या करून टांगाव्यात आणि हळूच टिचकी मारावी. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर मधली रिब (दोन नळ्यांना जोडणारी धातूची पट्टी) पक्की आहे. बद्द आवाज आला तर सांधा सुटला आहे. जुन्या नळ्या कापून नव्या बसवलेल्या असल्यास वापर सुरक्षित होतो, पण संग्राहकाच्या दृष्टीने मोल बरेच उतरते, आणि हा फटका साइडलॉकला अधिक बसतो, कारण तिची बरीचशी किंमत मूळपणाचीच असते. डमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या) नळ्यांवर आधुनिक दारूसाठीची प्रूफ-मुद्रा नसेल, तर ती बंदूक भिंतीवरच शोभते.

दुरुस्तीतला संयमही किमतीत मोजला जातो. कारखान्यात वापरला जाणारा उकळत्या क्षारांचा निळा मुलामा इथे वर्ज्य आहे, कारण तो रिबचा मऊ झाळ खाऊन टाकतो. पोलादी नळ्यांना हळूहळू गंज चढवून निळसर झाक आणणारी जुनी पद्धतच योग्य ठरते. पुन्हा कोरल्याने गेलेली मूळ नक्षी किंवा घासून बोथट झालेल्या कडा परत मिळवता येत नाहीत. दस्त्याला तेल देणे मात्र निर्धोक आहे.

दोन्हींच्या नळ्या निरोगी असतील आणि कुशल कारागिराची मजुरी परवडत असेल, तर साइडलॉक घ्यावी. त्यांत शंका असेल, तर बॉक्सलॉक.

घरात वडिलोपार्जित दुनळी असलेल्या मराठी कुटुंबाने खर्चाआधी परवाना पाहावा: शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला, वारशाने आलेल्या धरून, दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि बंदुकीची दुरुस्तीही परवानाधारक व्यावसायिकाकडूनच करावी लागते.