सरकारी लग्न की इमामाचा निकाह? तुर्कस्तानातला फरक

तुर्कस्तानात बरीच जोडपी दोन्ही करतात. घोळ होतो तो फक्त इमामाच्या निकाहावर थांबलं की. त्यात साक्षीदारांपुढे मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायचं धन) ठरतो, बहुधा सोन्यात, आणि काम पटकन उरकतं. पण नवरा गेला तर बायको म्हणून ना वारसा, ना पेन्शन. तलाक झाला तर पोटगीही नाही. २०१५ पासून नुसता धार्मिक निकाह गुन्हा राहिलेला नाही, एवढंच.

सरकारी लग्नाला नगरपालिकेत अर्ज, फोटो, आरोग्य दाखला अशी दगदग असते. सही होताच नवरानवरी एकमेकांच्या पायावर पाय द्यायला धावतात (घरात कोणाचं चालणार, त्याची गंमत!) आणि लाल कुटुंबपुस्तिका (लग्नाचा सरकारी दाखला) नवरीच्या हाती पडते. वेगळा करार नसेल, तर २००२ पासून लग्नानंतरच्या कमाईत तिचा निम्मा हिस्सा. २०१७ पासून मुफ्तीही (सरकारी धर्माधिकारी) सरकारी लग्न लावू शकतो. मात्र सरकारी नोंदवहीत सही झाली का, ते तिथेच बघावं.