तालुक्याच्या गावातला मुलाखत वर्ग: पहिला आठवडा सोडला तरी चालेल

वणी-वरोरा पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत हा वर्ग भरतो. पंधरा दिवस, रोज दोन तास, फी ३,५०० रुपये, बॅचला तीसेक मुलंमुली. नाव मुद्दाम देत नाही. याच आखणीचे वर्ग आपल्या भागात आणखीही आहेत, आणि खाली लिहिलेलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

फी भरण्याआधी एक तपासा: तुमच्या भरतीला मुलाखत आहे का? फलकावर तलाठी, पोलीस, बँक, रेल्वे सगळंच रंगवलेलं आहे. तलाठी आणि पोलीस शिपाई भरतीला मुलाखतच नसते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या गटांच्या आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्कलाही मुलाखत नाही. पीओला (प्रोबेशनरी ऑफिसर) आहे, १०० गुणांची, आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचं प्रमाण ८०:२० धरतात. राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत, पण ती तयारी या माडीवर होणारी नव्हे. वर्गाचा खरा उपयोग खाजगी नोकरीवाल्यांना: खाणीतली ठेकेदार कंपनी, सिमेंट कारखाना, नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतलं एखादं युनिट, मायक्रोफायनान्सचा फील्ड ऑफिसर, जिनिंगचा (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचा) सुपरवायझर.

पहिला आठवडा इंग्रजी परिचयात जातो. ‘आय अॅम हार्डवर्किंग, आय हॅव पॉझिटिव्ह अॅटिट्यूड’ असा पंधरा-सोळा ओळींचा छापील कागद मिळतो आणि तो पाठ करून घेतात. याला आमचा सरळ विरोध आहे. एकाच बॅचची सात-आठ पोरं एकाच कारखान्यात जातात आणि साहेबांना तोच कागद सात वेळा ऐकवतात. त्यात पडताळून पाहता येईल असं एकही वाक्य नसतं, म्हणून पटण्यासारखंही काही नसतं. शिवाय पाठ केलेलं बोलणं मधे तोडलं की पुढचं आठवत नाही. ‘हॉबी रीडिंग’ म्हटल्यावर ‘शेवटी काय वाचलं?’ एवढ्या एका प्रश्नावर निम्मी पोरं गप्प होतात. हस्तांदोलन आणि टाय यांना दिलेला अख्खा दिवसही वाया. आत गेल्यावर ‘नमस्कार सर, नमस्कार मॅडम’ पुरतं, आणि मे महिन्यात चंद्रपुरात टाय बांधून गेलेला माणूस घामाशीच झुंजत बसतो.

दुसऱ्या आठवड्यात मात्र वर्ग बदलतो. प्रत्येकाची दोनदा, बारा-बारा मिनिटांची सराव मुलाखत होते आणि ती मोबाइलवर चित्रित करतात. घेणारे गृहस्थ कारखान्याच्या कार्मिक विभागातून निवृत्त झालेले आहेत. त्यांची एकच खोड आहे: उत्तर चालू असताना मधेच विचारतात, ‘किती? केव्हा? कोणी केलं?’ पोरांना राग येतो, पण फी वसूल होते ती इथेच.

फरक असा पडतो. पहिल्या फेरीतलं नमुन्याचं उत्तर: ‘सर, मी जिनिंगमध्ये काम केलं. तिथे खूप शिकायला मिळालं. सगळं काम प्रामाणिकपणे केलं.’ दुसऱ्या फेरीत तेच उत्तर असं येतं: ‘मागच्या हंगामात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी जिनिंगच्या वजनकाट्यावर होतो. दिवसाला चाळीस-पन्नास गाड्या यायच्या. भरल्या गाडीचं वजन एका वहीत आणि रिकाम्या गाडीचं दुसऱ्या वहीत, त्यामुळे संध्याकाळी ताळा जुळत नसे आणि शेतकरी थांबून राहायचे. मी गाडीच्या नंबरावर एकच वही सुरू केली आणि कापसाची आर्द्रताही त्याच ओळीत लिहू लागलो. ज्या ताळ्याला दोन तास लागायचे, तो महिन्याभरात अर्ध्या तासावर आला.’

परिस्थितीला दोन वाक्यं, अडचणीला एक, मग आपण काय केलं ते, आणि शेवटी आकड्यात फरक. निम्मा वेळ ‘काय केलं’ याला गेला पाहिजे. पोरं नेमकी परिस्थितीच सांगत बसतात. सगळं मिळून दीड मिनिट. दोन मिनिटांच्या पुढे गेलं की समोरचा अर्जाचा कागद चाळायला लागतो. परिणामाचा आकडा नेमका माहीत नसेल तर ‘अंदाजे’ म्हणावं, फुगवू नये. कापसातला माणूस समोर असला तर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘आर्द्रता किती चालते?’ आठ टक्के प्रमाण, त्यापुढे बारापर्यंत भावात कपात, बाराच्या वर सीसीआय (सरकारी खरेदी करणारं कापूस महामंडळ) घेत नाही, हे ज्याने काट्यावर काम केलं तो झोपेतही सांगेल. शेजारच्या पोराचं उदाहरण उचलून आणणारा इथेच अडकतो. वर्गात अशी उसनवारी सर्रास चालते आणि तिला कोणी हटकत नाही, हा या वर्गाचा मोठा दोष.

आणखी एक चूक आपल्याकडे फार आढळते. मी-मी करू नये असं लहानपणापासून शिकवलेलं, म्हणून पोरं ‘आम्ही केलं’ म्हणतात. त्यातून तुमचा वाटा किती हे समोरच्याला कळत नाही. ‘आम्ही चार जण होतो’ हे एकदा सांगावं आणि पुढे ‘त्यात माझ्याकडे पावत्या होत्या’ असं स्वच्छ म्हणावं. निवृत्त गृहस्थ हे बरोबर पकडतात.

वऱ्हाडीबद्दल मात्र वर्गाची भूमिका पटत नाही. ‘मले-तुले’ तोंडातून गेलं की दहा रुपये दंड! पोरं मग प्रत्येक शब्द तोलत बोलतात आणि आवाज बसतो. बुटीबोरीच्या किंवा गडचांदूरच्या साहेबाला ‘काम करून राहिलो’ नीट कळतं. पुण्या-मुंबईच्या कंपनीसाठी ‘करतो आहे’ म्हणायची सवय लावली की झालं. साहेबांना ‘भाऊ’ म्हणू नये, आणि वाक्य गिळू नये. आमच्या मते वाक्याचा शेवट गिळणं हे वऱ्हाडीपेक्षा जास्त नडतं, कारण आकडा बहुतेक वेळा शेवटीच असतो.

आता वर्गात जे शिकवतच नाहीत त्याकडे. समोरच्याच्या मनात एक शंका असते आणि ती तो विचारत नाही. शेतकऱ्याच्या पोराबद्दल कारखान्याची शंका अशी: जूनमध्ये पेरणीला, ऑक्टोबरात सोयाबीन काढायला आणि नंतर कापूस वेचायला हा सुट्ट्या टाकणार. ती आपणच बोलून मोकळी करावी: ‘घरी सहा एकर आहे, भाऊ पाहतो. सकाळच्या शिफ्टला पोहोचायचं म्हणून मी इथेच खोली घेणार आहे.’ अर्थात खरं असेल तरच, कारण पहिल्याच मृगात ते उघडं पडतं. मुलींना रात्रपाळी आणि लग्न हे प्रश्न आडून येतात. येण्या-जाण्याची सोय काय ठरली आहे आणि कोणत्या पाळ्या जमतील एवढं नेमकं सांगून विषय कामावर आणावा. यावर वर्गात एक तासही नाही.

दुसरी शंका मधल्या वर्षांची. आपल्याकडे बारावी किंवा पदवीनंतर तीन-चार वर्षं भरतीच्या तयारीत गेलेली पोरं घरोघरी आहेत. वर्गात सांगतात की ‘घरच्या अडचणी होत्या’ म्हणा. हा सल्ला वाईट आहे. त्यावर कोणती अडचण, किती दिवस, असे प्रश्न येतात आणि उत्तर डळमळतं. त्यापेक्षा हिशेब द्यावा: कोणत्या वर्षी कोणती परीक्षा, कुठपर्यंत पोहोचलो, आता का थांबलो. शेवटी समोरच्याला हवं ते वाक्य: पुढच्या जाहिरातीला फॉर्म भरणार की नाही. ‘भरणार नाही’ म्हणायचं असेल तर आधी घरी ठरवून यावं.

पगाराबद्दल वर्गाचं उत्तर ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’. ऐकायला नम्र, पण पहिला पगार हातात आला की पोरं चकित होतात. सीटीसी (कंपनी तुमच्यावर करणार तो एकूण खर्च) किती आणि हातात किती, हे दोन्ही विचारावं. मूळ पगार १२,००० असेल तर त्याचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये, तुमच्या वाट्याचे पीएफला जातात. एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के वेगळे. कंपनीच्या वाट्याची रक्कमही बहुधा सीटीसीत धरलेली असते. प्रश्न शेवटी, कामाचं बोलणं झाल्यावर विचारावा. सुरुवातीलाच काढला तर बाकीचं ऐकून घेतलं जात नाही.

मोबाइलवरच्या मुलाखतीला वर्ग फक्त अर्धा तास देतो, तोही नुसता तोंडी. गावातली खरी अडचण कूलरची. आपल्याला त्याची सवय असते, पण माइकमधून त्याची घरघर आवाजावर चढते. मुलाखतीपुरता तो बंद ठेवावा आणि वायरचा इअरफोन लावावा. पावसाळ्यात टिनाच्या खोलीत बसू नये. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवावा, खिडकी समोर यावी, पाठीमागे नको. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन हॉटस्पॉटसाठी तयार ठेवावा आणि सुरुवातीलाच म्हणावं, ‘सर, लाइन तुटली तर मी याच लिंकवर लगेच परत येतो.’

बॅच मोठी असल्याचा तोटा हिशेबातच दिसतो. तीस जण, प्रत्येकी दोनदा बारा मिनिटं, म्हणजे बारा तास. दुसऱ्या आठवड्यातल्या सात दिवसांचे तास चौदा. उरलेल्या दोन तासांत साठ चित्रणं पाहायची तर एकाला दोन मिनिटं येतात. म्हणून आपलं चित्रण आपल्या फोनवर मागून घ्यावं. घरी एकदा आवाज बंद करून पाहावं: मान कुठे खाली जाते, हात कशाशी चाळा करतात. मग चित्र न पाहता फक्त ऐकावं आणि ‘म्हणजे’, ‘असं की’ किती वेळा आलं ते मोजावं. बॅच पंधराची असेल तेव्हाच नाव नोंदवलं तर हेच पैसे दुप्पट कामाला येतात.

फक्त दुसरा आठवडा घेता येतो का, हे विचारून पाहा. फलकावर तसं लिहिलेलं नाही, पण मागितल्यावर २,००० रुपयांत मिळतो. तेवढेही जड जात असतील तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे रोजगार मेळावे आहेत. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवून तिथे फुकट जाता येतं आणि एका दिवसात तीन-चार कंपन्यांच्या टेबलांवर खरी मुलाखत देता येते. जी कंपनी नको आहे तिच्याकडे आधी जावं, हवी तिच्याकडे तिसऱ्या नंबरला.

शेवटच्या दिवशी वर्गाचं रंगीत प्रमाणपत्र मिळतं. ते फाइलमध्ये सगळ्यात वर लावू नका. वर अर्ज, मग मार्कशीट, अनुभवाचं पत्र, आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, आणि झेरॉक्सचे दोन संच. झेरॉक्स खालच्या दुकानातच मिळते आणि वर्गातल्यांना पानामागे आठ आणे सूट आहे.